पाठ टेक, मुनाफ

मुनाफ, तुझ्या अम्मीनं मला एकच गोष्ट विचारली आणि मी तिच्याशी खोटं बोललो.

परवा तुझी जियारत झाली, तिसऱ्या दिवसाची दुवा. माणसं उठून गेली. मी ओट्यावर माझ्या चपला शोधत होतो. आता वाकायला वेळ लागतो मला. तेवढ्यात ती दाराचा पडदा हातात धरून उभी राहिली. रडत नव्हती. साधा आवाज होता तिचा, माझ्या तब्येतीची चौकशी करते तसाच.

"वस्तादभाय, ते कामोठ्याचे मास्तर आले होते. ते बोलले, नको झालं की हातानं जमिनीवर थाप मारायची, मग समोरचा सोडतो. सगल्यांना ठाव असतं बोलले. मग माझ्या मुनाफनं थाप का नाय मारली?"

मी म्हटलं, "मला काय ठाव, हलिमाबी. ते त्यांचे कायदे. मी तिथं नवतो."

तिनं मान हलवली. म्हणाली, "हां, तुमी नवते." आणि पडदा सोडला.

मी एसटी स्टँडपर्यंत पायी आलो. रिक्षावाले ओळखीचे, वस्ताद बसा, वस्ताद सोडतो, म्हणत होते. बसलो नाही. तिला उत्तर हवं होतं आणि ते माझ्यापाशी होतं. ते खिशात घालून मी घरी आलो.

म्हणून आता लिहितो. तोंडानं जमलं नाही ते हातानं जमतं का बघतो.

साप्ताहिकाचे संपादक घरी आले होते. म्हणाले, तुमच्या पठ्ठ्यावर दोन शब्द द्या, कुठल्या जत्रेत कोणाला अस्मान दाखवलं ते लिहा, वर फेट्यातला फोटो टाकतो. मी म्हटलं, लिहीन, पण एक वाक्य काढायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती झाली नाही, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ काय ते सुधारा. मजकुराला हात लावायचा नाही. ते हो म्हणाले. आता वाचून पस्तावतील.

फेट्याचं मी लिहिणार नाही. मला तू आठवतोस तो तालमीबाहेरच्या नळाखाली. मोरा बंदराच्या धक्क्यावरून मासळीचा टेम्पो भरून तू बाजारात खाली करायचास आणि तिथून सरळ तालमीत यायचास. अंगाला बोंबलाचा वास. भगवान, आपला रिक्षावाला भगवान, तुझ्याच जोडीचा, तो आतून ओरडायचा, "मांजरं हाकला रे, मुनाफ आला." तू नळाखाली बसून दगडानं अंग घासायचास, पार लाल होईपर्यंत. मासळीचा हात मातीला लावायचा नाही, हा नियम तुझा तूच केलेला. मी कधी सांगितला नव्हता. मी आगरी माणूस, मला त्या वासाचं काय वाईट वाटणार? पण तू म्हणायचास, "माती हाय वस्ताद. तिला वास लागतो."

आणि दुसरं एक. तालमीत मारुतीचा फोटो आहे, हे तू आलास त्या दिवशी तुझ्या लक्षात आलं आणि तू उंबऱ्यावर थबकलास. मी म्हटलं, "माती उचल, कपाळाला लाव, बास." त्यावर आपलं पुढं कधी बोलणं झालं नाही. बारा वर्षं तू माती कपाळाला लावून आत आलास आणि माती लावूनच बाहेर गेलास. लोक मला विचारायचे, मुसलमानाचा पोरगा कसा चालतो तुमच्या तालमीत. मी म्हणायचो, तुमचा पाठवा, त्याच्यासारख्या बैठका मारून दाखवल्या तर बोलू.

आता ज्यांना कुस्ती कळत नाही त्यांच्यासाठी लिहितो, म्हणजे पुढचं कळेल. तू कंटाळू नकोस.

कुस्तीत माणूस हरतो कधी? दोन्ही खांदे मातीला लागले की. म्हणून खाली गेलेला पैलवान पहिलं काय करतो, तर पालथा होतो. पोट मातीत दाबायचं, हनुवटी छातीत घालायची, कोपरं बरगड्यांना चिकटवायची, बोटं मातीत रोवायची आणि पडून राहायचं. वरचा मानेवर घुटना देतो, लंगोट ओढतो, घामाघूम होतो. तुम्ही हलायचं नाही. किती वेळ? पंच उठून दोघांना सोडवीपर्यंत. तेवढा वेळ जो पालथा राहिला त्याची कुस्ती बरोबरीत सुटते. हरलो, सोड, असं म्हणायचा डाव आमच्याकडं नाही. मी माझ्या तालमीत तो कधी येऊ दिला नाही.

तुला पहिले सहा महिने मी एवढंच शिकवलं. बाकीचे धोबीपछाड मारायचे आणि तू मातीत तोंड घालून पडलेला. मी तुझ्या पाठीवर बसायचो. मग भगवानला बसवला. मग दोघं. तू उलटायचा नाहीस. पुढं पुढं तर नुसता धक्का लागला, पाय घसरला, तरी तुझं अंग आपोआप पालथं व्हायचं, मांजर पायावर पडतं तसं. मी चारचौघांत सांगायचो, या पनवेलात एक माणूस आहे ज्याची पाठ कोणी बघितली नाही. तू तिथंच उभा असायचास. खाली बघायचास, पण कान लाल व्हायचे तुझे.

गळ्यात सोन्याची साखळी घातलेला एक माणूस तुला एका जत्रेत भेटला. त्या दिवशी तू दोघांना चीत केलंस आणि तुला मिळालं काय, तर फेटा, नारळ आणि टाळ्या. त्यानं तुला गाडीशी नेलं. हायवेला लागून एक बंद गोदाम होतं. तिथं लोखंडी जाळी लावून आत गाद्या टाकायच्या, दोन माणसं सोडायची, आणि बाहेरच्यांनी पैसे लावायचे. हाताबुक्क्या, लाथा, सगळं चालतं. कागद नाही, परवानगी नाही. वजन करत नाहीत. आमच्याकडं साध्या गावच्या कुस्तीलाही पंच नखं बघतो, आणि तिथं पंच म्हणून उभा राहतो तो त्याच साखळीवाल्याचा ड्रायव्हर. ही तुझीच माहिती, तूच मला सांगितलीस. पण हे सगळं फार उशिरा कळलं मला.

आधी कळलं ते तेल. मृगाच्या आधी मातीला तेल, हळद, ताक, लिंबू घालायचं असतं. वर्गणी जमत नव्हती. तू तिळाच्या तेलाचे डबे आणि हळदीचं पोतं टेम्पोत घालून आणलंस. मी विचारलं, कुठून? तू म्हणालास, "अल्लानं दिलं, वस्ताद." मी खूष. आपण सगळ्यांनी मिळून दिवसभर माती कालवली. काय मऊ झाली होती. हातात घेतली तर लोण्यासारखी. मी त्या रात्री बायकोला म्हणालो, आपल्याला मुलगा नाही ते बरंच झालं, असता तरी इतका जीव लागला नसता.

आठ दिवसांनी भगवानच्या तोंडून निघालं की ते जाळीतल्या पहिल्या मारामारीच्या पैशाचं तेल होतं.

मी कसा आहे हे तुला माहीत आहे, मुनाफ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फावडं घेऊन मातीच्या हौद्यात उतरलो आणि सगळ्यांना सांगितलं, माती काढायची. सगळी. खाली दगड लागेपर्यंत. भगवान म्हणाला, वस्ताद, ही माती तुमच्या वस्तादाची, पन्नास वर्षांची आहे. मी म्हटलं, होती. आणि तू नळावरून अंग पुसत आलास, काही विचारलं नाहीस, घमेलं उचललंस. सगळ्यांत जास्त घमेली तूच वाहिलीस. आपण ती माती खाडीच्या कडेला नेऊन टाकली. दुपार झाली. बाकीचे थकून बसले. तू आणि मी दोघंच राहिलो, फेकलेल्या मातीच्या ढिगाशी.

तिथं तू पहिल्यांदा माझ्यापुढं तोंड उघडलंस.

तू म्हणालास, टेम्पो दुसऱ्याचा आहे. मी अठ्ठावीसचा झालो. जत्रेच्या नारळांची चटणी किती दिवस करून खाऊ? आणि मग म्हणालास, "तुमी नाय लढलात पैशासाठी? मोऱ्याच्या धक्क्यावर?"

मोऱ्याची गोष्ट मी तालमीत शंभर वेळा सांगितली असेल. मी बावीस-तेविसाचा होतो. एका खलाशानं पैज लावली, मी घेतली. धक्क्याशेजारच्या रेतीत आमची जुंपली, बघे जमले. मी सांगायचो, घटकाभर झुंजलो आणि बरोबरीत सुटली.

तू म्हणालास, "धक्क्यावर एक म्हातारा जाली विनत बसतो. तो तिथं होता. तो सांगतो बरोबरी नवती. तुमी खाली होता. पालथे. आनि तो खलाशी तुमाला मारत होता."

मी तुझ्या थोबाडीत मारली. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाच्या. तू गाल चोळला नाहीस. घमेली एकात एक घातलीस आणि निघून गेलास. तो वाद तिथंच राहिला. मी तुला कधीच म्हणालो नाही की म्हातारा खरं बोलला.

आज म्हणतो. तो खरं बोलला. मी पालथा होतो. खलाशी माझ्या पाठीवर बसून मानेवर, कानामागं बुक्के घालत होता आणि बघे हसत होते, कारण त्यांची पैज होती. मला सोडवलं ते एका कोळणीनं. डोक्यावरची पाटी तिनं खाली ठेवली, मासळीच्या पाण्याची बादली उचलून दोघांच्या अंगावर ओतली आणि रिकाम्या बादलीनं त्या खलाशाला हाणायला लागली. मला अजून तिचा आवाज ऐकू येतो. "मेल्यांनो, त्याचा डोला फुटला, दिसत नाय? कुनाच्या पोटचा हाय तो." बघे पांगले. ती परत पाटी डोक्यावर घेऊन गेली. मी तिचं नावही विचारलं नाही. लाज वाटत होती, बाईनं सोडवलं म्हणून.

आणि सगळं आयुष्य मी काय समजलो? की पालथा पडलो म्हणून वाचलो. तेच धरून बसलो. तेच तुला सहा महिने, बारा वर्षं शिकवलं. मी वाचलो ते तिच्यामुळे, हे माझ्या डोक्यात शिरायला तू जावा लागलास.

आता तू शेवटी माझ्याकडं जे मागितलंस ते. हे मी हलिमाबीला सांगू शकलो नाही.

थोबाडीत मारल्यावर महिनाभर तू आला नाहीस. मग एका सकाळी आलास. नळावर नेहमीसारखं अंग धुतलंस. नव्या मातीतली चिमूट कपाळाला लावलीस. नवी माती अजून खडबडीत होती, तिला तेल नव्हतं. सगळे कसरत करत होते.

"वस्ताद, एक मागायचं होतं."

"तेल नको आनू," मी म्हटलं. सगळे हसले. तूही हसलास. मला बरं वाटलं, वाटलं आता रुळावर आला.

तू खाली बसलास, माझ्या पायाशी. सांगितलंस की रविवारी गोदामात एक लढत आहे, मोठी, समोरचा वजनानं फार भारी आहे. जाळीतली लढत शिकवणाऱ्या कामोठ्याच्या मास्तरांकडं पंधरा दिवस जातोयस. ते म्हणाले, या गोदामात जाऊ नकोस, परवानगीच्या स्पर्धेत उतर, तिथं डॉक्टर असतो, पंच असतो, वर्षभर थांब. तुला थांबायचं नव्हतं. मग ते म्हणाले, मग निदान एक शीक. खाली गेलास तर उताणा हो. पाठ टेकून पड, समोरच्याला पायात धर, हात तोंडासमोर ठेव. तिथं पालथा पडलेल्याला डोक्यामागं मारतात. त्याला दिसत नाही कोण कुठून मारतंय.

"मला होत नाय वस्ताद. पंधरा दिस करतोय. धक्का लागला की अंग पालथंच होतं. मास्तर ओरडतात. पन त्यांचं ऐकत नाय ते अंग. तुमचं ऐकतं."

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलो.

"तुमी एकदा फक्त बोला. मुनाफ, पाठ टेक. एवढंच. इथं, या मातीत. मी टेकतो, मग ते जाईल डोक्यातून."

भगवाननं जोर मारणं थांबवलं होतं. सगळे बघत होते. आणि मला वाटलं, बारा वर्षांत ज्याची पाठ कोणी बघितली नाही, त्याला मी माझ्या तोंडानं, माझ्या तालमीत, सगळ्यांसमोर उताणा पाडू?

मी म्हटलं, "या मातीत पाठ टेकनारा माझा नाय. टेकायची तर जा त्या मास्तराकडं आनि त्यालाच वस्ताद बोल."

तू उठलास. मग माती कपाळाला लावलीस आणि गेलास.

मला वाटलं होतं, शिकवलं नाही तर जाणार नाहीस. हे मी तुला सांगायला हवं. तू मरावंस म्हणून मी नकार दिला नव्हता, रे. मला वाटलं, भीती वाटेल, घरी बसशील, सोमवारी नळावर दिसशील. मास्तरानं नको म्हटलं ते शहाणपणानं. मी नाही म्हटलं, त्यात थोडा डाव होता आणि बराचसा माज. डाव फसला. माज उरलाय, पण आता त्याचा कोणाला उपयोग नाही.

रविवारी मी चहा पिऊन ओट्यावर बसलो होतो. दुपारचे चार वाजले असतील. भगवानची रिक्षा गल्लीत आली आणि तो उतरलाच नाही, हँडल धरून बसून राहिला. तेव्हा मला कळलं. तुला त्यांनी दवाखान्याच्या दारात ठेवलं आणि गाडी घेऊन पळाले. डॉक्टर म्हणाले, डोक्यात मागच्या बाजूला रक्त साकळलंय. तू दीड दिवस काढलास. मी बाहेरच्या बाकावर होतो. आत आलो नाही. हलिमाबीला वाटलं, वस्तादभायला बघवत नाही. तिला तसं वाटू दिलं.

त्या लढतीची कोणीतरी मोबाइलवर काढलेली क्लिप तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी भगवाननं दाखवली. तो दाखवत नव्हता, मी मागितली. चश्मा लावून, त्याच्या रिक्षात मागं बसून बघितली.

तू उभा असताना छान लढलास. तो माणूस रेड्यासारखा होता, तरी एकदा तू त्याला कमरेवर घेऊन आपटलास. मग त्याचा गुडघा तुझ्या पोटात बसला आणि तू खाली गेलास. आणि मुनाफ, तू पालथा झालास. इतका सुरेख झालास. हनुवटी आत, कोपरं बरगडीला, पोट गादीला, मी शिकवलं तसं, जराही चूक नाही. आणि माझ्या तोंडून, माझ्या या तोंडून, शाब्बास निघालं.

भगवाननं माझ्याकडं बघितलं. मग बाहेर उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

पुढचं मी एकट्यानं बघितलं. तो तुझ्या पाठीवर बसला आणि मारायला लागला. तुझी बोटं गादीत माती शोधत होती. रोवायला माती नव्हती, नुसतं रेक्झिन. बोटं घसरायची, परत रोवायला बघायचीस. एकदा तुझा उजवा हात उचलला गेला, पंजा उघडा होता. खाली आला असता तर थाप झाली असती. तू तो परत बरगडीला लावलास. तू पंचाची वाट बघत होतास. मला माहीत आहे. मीच सांगितलं होतं, सोडवायला येतात. ड्रायव्हर जाळीला टेकून उभा होता. बाहेर तीस-चाळीस माणसं होती आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. बादली कोणाच्याच हातात नव्हती.

हे उत्तर आहे, हलिमाबीच्या प्रश्नाचं. त्यानं थाप मारली नाही कारण त्याला ती मी शिकवली नव्हती. तो उताणा झाला नाही कारण मी होऊ दिला नाही.

साखळीवाल्याला सोडून मी स्वतःलाच का बडवतो, असं कोणी म्हणेल. त्याला मी सोडलेलं नाही. भगवान आणि मी पोलीस स्टेशनात जाऊन दोनदा बसून आलो, क्लिप दिली, मोऱ्यापासून कामोठ्यापर्यंत सगळ्या तालमींना आणि जिमवाल्यांना सांगितलं की हा माणूस पोरं उचलायला आला तर कळवा. पैशासाठी चोरून होणाऱ्या या मारामारीत कोणी पडू नका, पडणाऱ्याला घरी सांगा. ते सगळं करतो आहे. पण त्यानं तुला बारा वर्षं घडवलं नव्हतं. तो तुझा कोणी नव्हता.

दफनाला मी आलो होतो. कबरस्तानाच्या फाटकाबाहेर चपला काढल्या, तर एकजण म्हणाला, वस्ताद, राहू द्या, आत काटे आहेत. मी अनवाणीच आलो. सदऱ्याच्या खिशात रुमालात बांधून तालमीतली माती आणली होती. तुला आत उतरवलं. उजव्या कुशीवर ठेवलं, तोंड पश्चिमेकडं. मी वाकून बघितलं आणि पहिलं मनात काय आलं, तर पाठ इथंही टेकली नाही.

मग सगळे तीन तीन मुठी माती घालत होते. माझी पाळी आली. रुमालाची गाठ सोडायला हात खिशात गेला आणि तिथंच राहिला. कुठल्या तोंडानं घालू? ती माती तुझ्या कपाळाला लागलेली, पण तिच्यातच मी तुला नाही म्हटलं होतं. तिथलीच तीन मुठी घातली. रुमाल अजून खिशात आहे. बायको सदरा धुवायला मागते, मी देत नाही.

आज सकाळी तालीम उघडली. अकराजण आले होते. कोणी कपडे काढेना, सगळे भिंतीला टेकून. मी हौद्यात उतरलो. तुझी जागा माहीत आहे मला, खिडकीकडची. तिथं बसलो आणि हळूहळू उताणा झालो. आधी कंबर, मग एक खांदा, मग दुसरा. चौऱ्याहत्तर वर्षं झाली मला. तालमीत आल्यापासून पाठ मातीला लागली नव्हती. माती गार असते, मुनाफ. वर कौलांत एक काच बसवलेली आहे, तिच्यातून उजेड येतो. इतकी वर्षं मला ठाऊक नव्हतं तिथं काच आहे.

पोरांना वाटलं, वस्तादाला झटका आला. भगवान धावत आला आणि उचलायला लागला. मी म्हटलं, सोड, बघा सगळे, मी पाठ टेकलीय.

मग मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांसमोर, तुला हवं होतं तसं. मुनाफ, पाठ टेक.

 मला स्वतःला उठता आलं नाही. दोघांनी धरून उठवलं. भगवाननं पाठीवरची माती झटकायला हात लावला, मी झटकू दिली नाही. तशीच अंगावर घेऊन घरी आलो आणि लिहायला बसलो.

हे छापून आलं की शुक्रवारी मी अंक घेऊन तुझ्या घरी जाणार आहे. हलिमाबीला वाचता येत नाही. भगवान वाचून दाखवील, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि मी तिच्यासमोर जमिनीवर बसून राहीन. तिचे हात तुझ्यासारखेच मोठे आहेत. वाचून झाल्यावर ती बोलेल, मारील, नाहीतर पडदा सोडून आत जाईल. काय करायचं ते तिनं करावं.

तालमीतल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवलंय. त्या दिवशी मला सोडवायला कोणी मधे पडायचं नाही.